आमेन म्हणायला एक माणूस

नाणे गावाच्या अलीकडच्या चिंचेपाशी पोचेपर्यंत रिबकाबाईंनी तीनदा चप्पल काढून हातात घेतली आणि तीनदा परत पायात घातली. चौथ्या वेळेला त्या चिंचेच्या मुळावर बसल्याच.

"ही चप्पल माझ्या पायाची हाय का चुकून दुसरीची आनलीया, देव जानं," त्या म्हणाल्या. "इतकं चाललो, पर अजून वळख द्यायला तयार न्हाई."

"मावशी, मी म्हणत होते ना, जीप परत येईपर्यंत थांबू."

"त्यात वऱ्हाड बसलंय. नवरदेवाच्या मांडीवर बसून जायचं का म्या?"

शालनला हसू आलं. पिशवी मांडीवर घेऊन ती शेजारी टेकली. सकाळची सातची एसटी आलीच नव्हती, वस्तीवरची एकुलती एक जीप लग्नाला गेली होती, म्हणून दोघी चालत निघाल्या होत्या. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या कडेला त्यांची वस्ती. तिथून कामशेत म्हणजे धडधाकट माणसाला दोन-अडीच तासांची चाल. रिबकाबाई सत्तरीच्या, त्यांना साडेतीन. कामशेतला पोचलं की पुढं लोणावळ्याला जायला काही ना काही मिळतंच. दुपारी दोन वाजता लोणावळ्याच्या चर्चच्या कमिटीची बैठक होती. त्या बैठकीत रिबकाबाईंना दोन वस्तू द्यायच्या होत्या. एक अर्ज आणि एक किल्ली.

दोन्ही शालनच्या पिशवीत होत्या. किल्ली चांगली वीतभर लांब, रुमालात गुंडाळलेली. अर्ज शालननंच लिहिला होता. ती वस्तीवरच्या अंगणवाडीची सेविका, अक्षर वळणदार, त्यामुळं रेशनकार्डापासून निराधार पेन्शनीपर्यंत सगळ्यांचे अर्ज तिच्याच हातचे. काल दुपारी मुलं घरी गेल्यावर रिबकाबाई तिच्यापुढं सतरंजीवर येऊन बसल्या होत्या, आणि तिनं लिहून वाचून दाखवलं होतं: 'मी, रिबका शमुवेल भालेराव, आपणांस नम्रपणे कळवते की, वस्तीवरील प्रार्थनाघरात उपासनेस माझ्याशिवाय आता कोणी येत नाही. तरी सदर प्रार्थनाघराची किल्ली ताब्यात घ्यावी, ही विनंती.'

"सदर म्हंजे काय गं? सदरा?" रिबकाबाईंनी विचारलं होतं.

"सदर म्हणजे ते, वर सांगितलेलं."

"मंग ऱ्हाऊ दे. वरचंच हाय ते."

आणि खाली सही करताना त्यांचा हात इतका सावकाश चालला, की शालननं तोंड फिरवून फळ्यावरचा तक्ता सरळ केला होता. तक्ता सरळच होता.

रिबकाबाईंना ओळखत नाही असं माणूस त्या भागात नसेल. शाळेत चौदा वर्षं त्यांनी मुलांना खिचडी करून घातली. शालनची सृष्टी त्यांच्या हातची खिचडी खाऊन पाचवीपर्यंत शिकली. कुठल्याही घरात बाळंतीण असो, तापानं फणफणलेलं पोर असो, रिबकाबाई पदराखाली एखादा डबा झाकून दारात हजर. आणि आल्या की हसवणार. भात लावणीला चिखलात उभं राहून दिवसभर कंबर मोडायची, तेव्हा बायका म्हणायच्या, "रिबकाबाईच्या वळीत मला घ्या." त्यांच्या वळीत वेळ जायचा.

पण हे झालं बाकीचे सहा दिवस. रविवार त्यांचा वेगळा होता.

प्रार्थनाघर म्हणजे दगडी भिंतीची एक खोली, वर पत्रा. दारापुढं जांभळाच्या फांदीला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला. रविवारी नऊ वाजता रिबकाबाई लोखंडी बोल्टनं त्याच्यावर सात टोले घालायच्या. वस्ती त्या टोल्यांवर घड्याळं लावायची, म्हशी सोडायची, पोरांना आंघोळीला बसवायची. आत मात्र कोणी जायचं नाही. जायला कोणी उरलंच नव्हतं. रिबकाबाई एकट्याच आत जायच्या, सतरंजी झटकून पूर्ण लांबीची अंथरायची म्हणजे अंथरायची, आणि तिच्या एका कोपऱ्यावर बसायच्या. शास्त्र वाचायच्या, गीत म्हणायच्या, मग मोठ्यानं प्रार्थना करायच्या.

प्रार्थनाघराच्या समोरच हापसा. नळाला रविवारी पाणी नसायचं, त्यामुळं शालन त्या दिवशी हमखास हापशावर असायची. तिला सगळं ऐकू यायचं. घागर भरता भरता तिनं किती रविवार ऐकलं असेल! आणि दर वेळी एकच गोष्ट व्हायची. प्रार्थना चांगली रंगात आलेली असायची, आवाज चढत जायचा, आणि मग एकाएकी तुटायचा. जसं कोणी बोलता बोलता उठून गेलं. मग कितीतरी वेळ नुसती शांतता. मग सतरंजी गुंडाळल्याचा आवाज, कडी, कुलूप. बाहेर येताना रिबकाबाई हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायच्या, "भरली का गं घागर?"

शालनला वाटायचं, म्हाताऱ्या बाईला रडू येत असेल. रडणाऱ्या माणसाला विचारू नये, म्हणून तिनं कधी विचारलं नाही. आज मात्र चिंचेखाली तिच्यानं राहवेना. परत जाताना पिशवीत किल्ली नसणार होती. म्हणजे पुढच्या रविवारी टोलाही नाही. आणि रिबकाबाईंची लेक सुवार्ता नाशिकला कधीपासून बोलावत होती. किल्ली दिली की वस्तीवर राहायला त्यांना कारणच उरत नव्हतं. नाताळला त्या जाणार ते जाणारच, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"मावशी, एक विचारू?"

"इचार की. भाकरी काढ आन इचार."

शालननं भाकरी मोडली, लसणाची चटणी पुढं केली. "तुम्ही प्रार्थना मध्येच का तोडता?"

रिबकाबाईंचा घास हातातच राहिला. "तुला ऐकू येतंय व्हय?"

"हापशावर सगळं येतं."

"आगं बाई. म्हंजे मी तुझ्या सासूसाठी काय काय मागितलं, ते बी?" आणि त्या पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तोडीत न्हाई गं. संपतीच ती. फक्त आमेन ऱ्हातं."

"मग म्हणायचं ना आमेन."

"म्या म्हनायचं नसतं."

आणि मग चप्पल हातात घेऊन, उठून, अनवाणी चालायला लागून त्यांनी सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात कापून नेलेली खाचरं रिकामी पडली होती, पेंढ्यांच्या गंज्या उभ्या होत्या, आणि हवेत डिसेंबरचा गारवा होता. बोलणं चालण्याच्या पावलानंच निघालं, थांबत, दम घेत.

शमुवेल म्हणजे त्यांचे मालक. गवंडी. नगरकडच्या दुष्काळात सहा ख्रिस्ती कुटुंबं धरणाच्या कामावर मावळात आली, त्यात रिबकाबाई नवी नवरी म्हणून आल्या. अठरा वर्षांच्या. धरण झालं, कुटुंबं राहिली. शमुवेलनं सुट्टीच्या दिवशी दगड घडवून घडवून ती खोली बांधली. स्वतः कायम व्हावं म्हणून त्यानं पाटबंधारे खात्यात अकरा वर्षं अर्ज केले. अकराव्या वर्षी चौकीदाराची नोकरी लागली. तोपर्यंत अर्ज या प्रकारात तो इतका मुरला होता, की प्रार्थनेलासुद्धा अर्जच म्हणायचा.

"मला म्हनायचे, रिबका, प्रार्थना म्हंजे अर्ज. अर्जदारानं अर्ज करावा. सही-शिक्का दुसऱ्यानं मारायचा. आपल्याच अर्जावर आपनच शिक्का मारायचा म्हंजे लबाडी झाली. म्हनून ज्यानं प्रार्थना केली त्यानं गप बसायचं, आन आमेन बाकीच्यांनी म्हनायचं. आमच्यात तीच रीत पडली. मी प्रार्थना केली का त्ये म्हनायचे, त्येनी केली का मी."

"आणि बाकी लोक?"

"व्हते तवा मोप आवाज व्हायचा. पत्रा हालायचा."

मग एकेक कुटुंब गेलं. कोणी पिंपरीला, कोणी परत नगरला. शेवटी नवरा-बायको दोघंच उरले. दोघांची उपासना, दोघांचं आमेन. सहा वर्षांपूर्वी शमुवेल गेला.

"पाळकसाहेबांना विचारलं नाही कधी?"

"इचारलं की. म्हनले, बाई, सोता म्हटलं तरी चालतं, देवाला काही अडचन न्हाई. म्हटलं, देवाला चालतं वो. मलाच चालत न्हाई. म्हनायला गेलं का घास लागतो हितं." त्यांनी गळ्याला हात लावला. "चाळीस-पंचेचाळीस वरीस जे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, ते आपल्या तोंडून कसं निघावं?"

पाळकसाहेब शालनलाही माहीत होते. गेल्या महिन्यात मोटारसायकलवरून आले होते, चांगला माणूस, बोलताना खाली बघत होते. "बाई, पत्रा गळतोय, वासा गेलाय. कमिटी मला विचारते, किती माणसं येतात? मी एक सांगितलं की पुढं बोलताच येत नाही. निदान दोन असू द्या. दोन असली तर मी महिन्यातून एकदा येईन आणि पत्रेही बदलून घेईन. एकासाठी काय सांगू?" रिबकाबाईंनी त्यांना चहा दिला, वर शेंगदाण्याचा लाडू दिला, आणि म्हणाल्या, "खरंय साहेब तुमचं." ते गेल्यावर त्या बराच वेळ जांभळाखाली उभ्या होत्या. हापशावरून शालननं पाहिलं होतं.

"पर मधी तीन वरीस आमेन झालं बरं का," रिबकाबाई एकदम म्हणाल्या, आणि त्यांच्या चालीत जीव आला.

"ते कसं?"

"उम्मेहानी."

प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीला लागून उम्मेहानीचं घर होतं. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान. दोघी एकाच वयाच्या, एकाच हापशाच्या.

"मालक गेल्यावरचा पैला रविवार. टोले घातले, बसले, वाचलं, प्रार्थना केली. झाली, आन थांबले. येवढी शांतता म्या जल्मात ऐकली न्हवती. भिताडं अंगावं आली. तेवढ्यात भिताडाच्या पलीकडून आवाज आला, 'आमीन.'"

"उम्मेहानीमावशी?"

"तर! म्या दचकले. मंग हसूच आलं. पुढल्या रविवारी पुन्यांदा. तीन वरीस चुकली न्हाई. ताप असला तरी खाटंवरून म्हनायची. आन आमी दोघी दिवसभर येकमेकीसंगं बोलायचो, पीठ मागायचो, भांडायचो, पर ह्या गोष्टीचा येक शबूद आमच्यात निघाला न्हाई. लाजच वाटायची म्हन. येकदाच म्हनाली, 'रिबका, आमचं आमीन, तुमचं आमेन, मधी येका वेलांटीचा फरक. देव काय शुद्धलेखन तपासतो व्हय?'"

"मग?"

"मंग काय, तिच्या अरबाजला आंबीला कंपनीत नोकरी लागली. तळेगावला खोली घेतली, आईला घेऊन गेला. चांगलं झालं, तिचे गुडघे गेलते. फोनवर म्हनती कशी, 'मी फोनवरून म्हनते.' पर रेंज आमच्या जांभळापातूर येती आन तिथूनच माघारी जाती. तीन वरसं झाली तिला जाऊन."

तीन वर्षं. शालननं मनात हिशेब केला नाही, पण तिला एक रविवार आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. सृष्टीला डेंग्यू झाला होता, तळेगावच्या दवाखान्यात ती सात दिवस होती, नवरा तिच्याजवळ, आणि शालन एका दिवसापुरती कपडे-भांडी न्यायला वस्तीवर आलेली. हापशावर उभी होती. आतून आवाज आला, सृष्टीचं नाव घेऊन. नुसतं नाव नाही, तिच्या दोन वेण्या, तिचं खिचडीतले वाटाणे वेचून बाजूला काढणं, हे सगळं देवाला सांगत होत्या रिबकाबाई, जणू देवाला ते पोर ओळखायला सोपं जावं. आणि मग आवाज तुटला होता. शालन तेव्हा घागर तशीच टाकून पळाली होती, कारण तिला वाटलं, म्हातारीला काहीतरी वाईट दिसलं असणार.

ती रस्त्यात थांबली.

"मावशी, माझ्या सृष्टीसाठी प्रार्थना केली होती तुम्ही. तिलाही आमेन नव्हतं?"

रिबकाबाईंनी मागं वळून पाहिलं. "न्हवतं गं."

"म्हणजे ती अजून तशीच?"

"लोंबकळत हाय. तुझ्या सृष्टीची, वस्तीवरच्या पवनच्या मोडलेल्या पायाची, समद्यांच्या. तीन वरसाची थप्पी झालीय." मग शालनचा चेहरा बघून त्या परत आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "आगं, पोर बरी झाली ना? देव काय सरकारी हापिस हाय व्हय शिक्क्यावाचून अडून बसायला? त्याचं काम त्यो करतो. माझं काम अर्धं ऱ्हातं, येवढंच. जेवून हात न धुता उठल्यावानी वाटतं."

त्या परत चालायला लागल्या. नाणे मागं पडलं. शाळेपाशी एक ओळखीची बाई भेटली, तिनं विचारलं, "कुटं निघाला रिबकाबाई?" तर म्हणाल्या, "लोनावळ्याला, हवा खायला. लोक मुंबईवरून येत्यात, आपुन हितल्या हितं आन अजून खाल्ली न्हाई." ती बाई हसत गेली. ती गेल्यावर रिबकाबाईंचं हसू थोडं टिकलं आणि मग हळूच उतरलं. शालनच्या ते लक्षात आलं. इतकी वर्षं वस्तीनं फक्त पहिला भाग बघितला होता, असं तिला वाटलं. दुसरा भाग रिबकाबाई कडी लावून आत ठेवायच्या.

"तुम्हाला इतकं हसू कुठून येतं, मावशी?"

"लीलाबाईनं दिलं."

लीलाबाई म्हणजे वस्तीवरची जुनी माळकरी म्हातारी, शालन लग्न होऊन यायच्या आधीच वारलेली.

"मला दानीएल व्हता, तुला ठावं न्हाई," रिबकाबाई म्हणाल्या.

शालनला ठाऊक होतं. डोंगराच्या पायथ्याला करवंदीच्या जाळीशेजारी दोन कबरी होत्या, एक मोठी, एक लहान. दर ईस्टरच्या आधी रिबकाबाई दोन्हींना चुना लावायच्या. पण लहान कबरीबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"अकरा वरसांचा. लावनीच्या दिसात बांधावं मन्यार चावली. गाडी मिळंपातूर..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "माती दिली त्या दिशी समदी वस्ती व्हती. आमचे सहा घरचे लोक व्हते. पाळकांनी प्रार्थना केली आन समदे म्हनले, आमेन. पुन्यांदा प्रार्थना, पुन्यांदा आमेन. लीलाबाई माझ्याशेजारी हुबी. ती लय येळ ऐकत व्हती. मंग मालकांकडं वळून रडत रडत म्हनली, 'आवो शमुवेलभाऊ, समदे मिळून आमी न्हाई, आमी न्हाई असं का म्हंता? येक लेकरू गेलं तेवढं बास न्हाई का? तुमी समदेच न्हाई म्हनल्यावं ह्या बाईनं कुनाकडं बघायचं?'"

शालनला हसू आलं आणि डोळेही भरले.

"अशीच माझी गत झाली," रिबकाबाई म्हणाल्या. "आन मालक, जे दोन दिस तोंडातून शबूद काढत न्हवते, ते तिला म्हनले, 'लीलाबाई, आमी न्हाई न्हवं. आमी हाय. आमी हाय असं म्हंतोय.' आन म्या हसले. पोराला मातीत ठिवून आलेली बाई, आन हसले. लोकांना वाटलं, खुळी झाली. पर मला तवाच कळलं का आपुन जगनार. कारन ते हुबे व्हते समदे. खोटं न्हवते बोलत. व्हते."

रस्ता उताराला लागला, लांब कामशेतच्या इमारती दिसायला लागल्या, एक गाडी शिट्टी देऊन स्टेशनात शिरल्याचा आवाज आला. इंद्रायणीच्या पुलावर पोचल्यावर रिबकाबाई कठड्याला टेकल्या. खाली पाणी संथ होतं. दोन बायका दगडावर गोधड्या आपटत होत्या. आपटल्याचा आवाज, हात वर गेल्यावर, जरा मागाहून येत होता.

"काढ ती किल्ली," त्या म्हणाल्या.

शालननं रुमाल सोडला. रिबकाबाईंनी किल्ली तळहातावर घेतली, अंगठ्यानं तिची कडी चोळली. कडी झिजून पातळ झाली होती. "मालकांनी लोनावळ्याच्या बाजारातून कुलूप आनलं तवा म्या म्हनलं व्हतं, आत चोरायला हाय काय? तर म्हनले, कुलूप चोरासाठी न्हाई. कुलूप असलं का कुनाला तरी उघडायला यावं लागतं."

त्यांनी किल्ली शालनकडं परत दिली. मग पुन्हा घेतली.

"आज माघारी फिरलो तर तू रागावशील का? इतकं चालवलं तुला."

"मी कशाला रागवू? पण कमिटी? पाळकसाहेब दोन माणसं म्हणाले ना."

"दोन म्हनले. दोनी आत पायजेत असं म्हनले का?"

शालन त्यांच्याकडं बघत राहिली. रिबकाबाई मात्र तिच्याकडं बघत नव्हत्या. पाण्याकडं बघत होत्या. पन्नास वर्षांत या बाईनं वस्तीवर कुणाकडं वाटीभर साखर सोडून काही मागितलं नव्हतं, आणि ती साखरही दुसऱ्या दिवशी परत केली होती. मागायचं ते वरच्याकडं, आणि तेही दुसऱ्यांसाठी. मागायची सवयच नव्हती त्यांना. किल्ली या हातातून त्या हातात जात होती.

"तुझे मार्गशीर्षातले गुरवार चालू हायेत, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "ते मोडू नको. तुझा देव सोडू नको, सांच्याला दिवा लावतीस तसा लाव. तुझ्या सासूला मी सांगते काय सांगायचं ते, ती माझ्यावं हसती पर ऐकती. आत बी येऊ नको."

"मग?"

"पैलं त्या अर्जाच्या पाठीमागं लिही. कोरी बाजू हाय ना? मागनं पाळकसाहेबांना धाडू, किल्ली देनार न्हाई. खोटं लिहू नको. आत येक, भाईर येक, असं लिही. त्येंला वाटलं दोन, तं पत्रा बदलतील. न्हाई वाटलं, तं म्या गळत्या पत्र्याखाली बसन, मला सवय हाय." त्या थांबल्या. "आन उद्या रविवार हाय. नवाला टोले पडतील. तू हापशावं येशीलच. माझा आवाज थांबला का जरा हापसा थांबव, पोरी. थप्पी मोठी हाय, पर येकदाच म्हनलं तरी समदी निघल. भाईरूनच म्हन, हळू म्हन. आमेन म्हनायला जीभ अडली तं लीलाबाईवानी चुकीचं म्हन, काय बी बिघडत न्हाई. फकस्त, न्हाई म्हनू नको. हाय म्हन. 'आमी हाय' म्हन. म्हनशील का गं?"